सोनार, गन की डॉक्टर? बाळाचे कान कुठे टोचावेत

पत्र:
माझी मुलगी सव्वादोन महिन्यांची आहे. बारशालाच कान टोचायचे होते, पण वजन कमी होतं म्हणून राहिलं. सासूबाई म्हणतात, साताऱ्याला आपल्या घरच्या सोनाराकडे जाऊ. बाळाच्या बाबांचे आणि आत्याचे कान त्यांनीच टोचलेत, आणि सोनं कधी पिकत नाही. नवरा म्हणतो, पुण्यात घराजवळ दागिन्यांचं मोठं दुकान आहे, तिथे गनने क्षणात होतं. बाळाच्या डॉक्टर म्हणतात, दवाखान्यात करू, पण थोडं थांबा. नवऱ्याच्या दंडावर लहानपणी लस टोचली त्या जागी जाड, गुळगुळीत गाठ आहे. त्याचा काही संबंध येतो का? शिवाय माझ्या एकोणीस वर्षांच्या नणंदेला त्याच दुकानात कानाच्या वरच्या कडेला टोचून घ्यायचंय. सगळे वेगवेगळं सांगतात, मी काय करू?
– एक आई, पुणे

उत्तर:

आधी वयाचं बोलू या, कारण सोनार की गन हा वाद त्यानंतरचा आहे. सव्वादोन महिन्यांच्या बाळाचे कान आत्ता टोचू नका. तुमच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलं ते योग्यच सांगितलं.

या वयात खरी काळजी धनुर्वाताची आहे असं बहुतेकांना वाटतं. तुम्ही गरोदरपणात धनुर्वाताची इंजेक्शनं घेतली असतील तर सुरुवातीच्या काळात बाळाला तुमच्याकडून थोडं संरक्षण मिळालेलं असतं. मला जास्त काळजी वाटते ती साध्या जंतूंची. कानाची पाळी थोडी पिकली तर मोठ्या माणसाला दोन दिवस ठणका लागतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळात मात्र तोच जंतू रक्तात उतरायला वेळ लागत नाही, आणि बाळ सांगूही शकत नाही. म्हणूनच इतक्या लहान बाळाला ताप आला की डॉक्टर घरी थांबू देत नाहीत. रक्त, लघवी, कधी पाठीच्या मणक्यातलं पाणीसुद्धा तपासतात, दाखल करून घेतात. कान टोचण्यासारख्या थांबवता येणाऱ्या गोष्टीसाठी हे बाळाच्या आणि तुमच्या वाट्याला कशाला आणायचं?

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी होऊ द्या. त्यांत धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी दोन्ही येतात. त्यानंतर, म्हणजे साधारण पाच ते सात महिन्यांच्या दरम्यान, कान टोचायला चांगला काळ असतो. बाळ मान सावरतं, वजन वाढलेलं असतं आणि अजून रांगत सगळीकडे जात नसतं. एकदा रांगायला लागलं की हात सारखा कानाकडे जातो, फरशीवरची धूळ तिथे लागते.

सासूबाईंना हे पटवताना डॉक्टरांचा दाखला देऊ नका, सुश्रुताचा द्या. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात, कान टोचण्याचा विधी दिलेला आहे. त्यात वय सांगितलंय सहावा किंवा सातवा महिना, शुक्ल पक्ष. बाळाला मांडीवर घेऊन, खेळणी दाखवून रमवावं. कानाची पाळी हाताने ताणून, सूर्याचा उजेड जिथून आरपार दिसतो त्या नैसर्गिक जागी सरळ टोचावं. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. रक्त फार आलं किंवा दुखलं फार, तर जागा चुकली असं समजावं, हेही तिथे लिहिलंय. बाराव्या दिवशी टोचायची पद्धत घराघरांत रूढ आहे, तेव्हा पाहुणे जमलेले असतात, सोनार बोलावलेला असतो, ही सोयही होते. पण सहाव्या महिन्यापर्यंत थांबलं तर शास्त्र मोडल्यासारखं काही होत नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. मला वाटतं त्या ऐकतील.

आता पद्धती.

सोनाराची पद्धत तुमच्या सासूबाईंनी पाहिलेली आहे, तुम्ही कदाचित नसेल. जंतरातून, म्हणजे तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून, ओढलेली सोन्याची बारीक तार, तिचं एक टोक घासून सुईसारखं केलेलं. बाळ मामाच्या मांडीवर. सोनार एका हाताच्या चिमटीत पाळी धरतो, उजेडाकडे वळवतो, शिर कुठे आहे ते बघतो आणि तार सरळ आरपार नेतो. झटका नाही, आवाज नाही. मग तीच तार वाकवून, चिमट्याने पीळ देऊन गोल करतो आणि जास्तीची तार कापून टाकतो. झालं सुंकलं. टोचायची सुई आणि घालायचा दागिना एकच. वर थोडं हळद-तेल, बाळाच्या तोंडात खडीसाखरेचं पाणी, सोनाराला नारळ, तांदूळ आणि दक्षिणा.

या पद्धतीत चांगलं पुष्कळ आहे. जुन्या, सवयीच्या सोनाराचा हात अचूक असतो. सुंकलं पाळीला सैल बसतं, त्यामुळे सूज आली तरी तिला जागा मिळते. मागे फिरकी नाही की दाबाचं बटण नाही, त्यामुळे सुटून बाळाच्या तोंडात जायची किंवा श्वासनलिकेत अडकायची भीती जवळजवळ नाही. धातूही बहुधा चांगला असतो.

पण सोनं पिकत नाही हे अर्धंच खरं आहे. सोन्याची ॲलर्जी क्वचित होते, हे खरं. पिकवतात ते जंतू, आणि ते धातूतून येत नाहीत. बोटांवरून, नखांतून, चिमट्यावरून, तेलाच्या वाटीतून येतात. सोनार म्हणतात, तार आम्ही आगीत लाल करतो. तो जाळ जंतू मारतो यात शंका नाही. पण त्यानंतर तीच तार हाताने ओढली जाते, घासली जाते, डबीत ठेवली जाते, पुन्हा चिमट्यात धरली जाते. टोचायच्या क्षणी ती निर्जंतुक राहिलेली नसते. चिमटा तर सकाळपासून कितीतरी कामांना वापरलेला असतो. त्यावर दुसऱ्या कुणाचं रक्त लागलेलं असेल तर तो साधा धोका नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जगतो. म्हणून जत्रेत किंवा रस्त्याकडेला बसून एकाच सुईने ओळीने कान टोचणाऱ्यांकडे कुणीही, कोणत्याही वयात जाऊ नये.

आता गन. दुकानात गन म्हणतात त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात आणि बहुतेक गिऱ्हाइकांना फरक सांगितला जात नाही. पहिली जुनी, स्प्रिंगची. तिच्यात खडा बसवलेली बोथट काडी लावतात, खटका ओढला की ती जोराने पाळीतून जाते आणि मागच्या बटणात अडकते. गनचा सांगाडा सहसा प्लास्टिकचा असतो, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे घरच्या कुकरसारखं वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र असतं त्यात, घातला तर वितळेल. म्हणून दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. पुसणं म्हणजे निर्जंतुक करणं नाही. दुसरी वस्तू आधुनिक: खडा आणि बटण सीलबंद कप्प्यात येतात, कानाला लागणारा सगळा भाग एकदाच वापरून टाकून देतात, आणि स्प्रिंगच्या धडाक्याऐवजी हाताने दाबतात. ही पहिलीपेक्षा कितीतरी बरी. दुकानात जायचंच असेल तर नवऱ्याला दोनच गोष्टी बघायला सांगा. कप्पा तुमच्यासमोर फोडला का? आणि कानाला लागलेला भाग नंतर कचऱ्यात गेला का, की परत खणात गेला?

बाळाच्या बाबतीत गनच्या आणखी दोन अडचणी आहेत. खटक्याचा आवाज कानापाशीच होतो. पहिल्या कानाला बाळ दचकतं, किंचाळतं, आणि दुसऱ्या कानाला मान स्थिर राहत नाही. एक भोक वर, एक खाली, असे कान मी बरेच पाहिलेत. दुसरी अडचण मागच्या बटणाची. ते पाळीला घट्ट चिकटून बसतं. दोन दिवसांनी सूज आली की बटण मांसात रुतायला लागतं.

अशी एक छोटी मुलगी माझ्या त्वचेच्या ओपीडीत आली होती. पुढून खडा दिसत होता, चमकत होता. आईची तक्रार इतकीच की मागचं बटण बहुतेक पडलं, सापडत नाही. कान उलटा करून पाहिला तर मागे खळीएवढा खड्डा आणि त्यावर कातडी आलेली. बटण पडलं नव्हतं, आत होतं. पाळी बधिर करून, बारीक चीर देऊन ते काढावं लागलं. त्या आईने काही हयगय केली नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की बटण आणि पाळी यांच्यात फट राहायला हवी आणि ती रोज बघायला हवी.

तिसरी वाट दवाखान्याची. यात वापरतात ती इंजेक्शनचीच सुई: पोकळ, धारदार, सीलबंद पाकिटातली, एकदाच वापरायची. बोथट काडी कातडी फाडत जाते, धारदार सुई ती कापत जाते, त्यामुळे जखम स्वच्छ होते. हातात मोजे, पाळी अँटिसेप्टिकने पुसलेली. खुणा पेनाने आधीच केलेल्या असतात, आणि त्या बाळ आडवं असताना न करता मांडीवर सरळ बसवून करायच्या असतात. सुई आरपार गेली की तिच्या पोकळीत तारेचं टोक सरकवतात आणि सुई मागे ओढतात. सुईबरोबर तार भोकातून येते. मग सुंकलं वळवायचं. बधिर करायचं मलम तुमच्या मनाने लावू नका. त्यातल्या काही औषधांनी लहान बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते, म्हणून ते डॉक्टरांनीच ठरवायचं. अंगावर पाजत असताना टोचलं तर बाळ लवकर शांत होतं.

या पद्धतीतही उणीव आहे. प्रत्येक डॉक्टरांना याची सवय असतेच असं नाही. वर्षातून दोन-चार कान टोचणाऱ्या डॉक्टरांपेक्षा सोनाराची नजर जागेच्या बाबतीत सरस असू शकते. म्हणून स्पष्ट विचारा, "तुम्ही हे नेहमी करता का?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. साताऱ्याच्या सोनारांकडून सुंकली घडवून घेतली असती, बिनखड्याची, लाख न भरलेली, टोक नीट घासलेली. ती डॉक्टरांकडे आदल्या दिवशी दिली असती. त्यांच्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं राहिली की सोन्याला काही होत नाही आणि जंतूंचं बीजसुद्धा उरत नाही. मग पाच-सहा महिन्यांची झाल्यावर दवाखान्यात सुईने टोचून तीच सुंकली घालायची. सासूबाईंना बरोबर न्या, बाळ मामाच्या मांडीवर द्या, खडीसाखर वाटा. घरच्या सोनाराचं सोनं मुलीच्या कानात गेलं, हे समाधान त्यांचं राहतं.

आणि सोनारांनीच टोचावं असा त्यांचा फारच आग्रह असेल तर मी त्याला ठाम नाही म्हणणार नाही. फक्त लसी झाल्यावर. सोनारांनी साबणाने हात धुऊन मोजे घालावेत, तार आणि चिमटा दोन्ही डॉक्टरांकडून निर्जंतुक करून सीलबंद पाकिटात न्यावेत आणि पाकीट तिथेच फोडावं, तेल-हळद लावू नये. घरचे सोनार आहेत, नातीसारख्या बाळासाठी ते एवढं करतील. पेढीवर सगळ्यांदेखत हे सांगण्यापेक्षा सासऱ्यांनी आधी फोन करून सांगितलं तर त्यांचाही मान राहील.

सोन्याविषयी थोडक्यात. २२ कॅरेटमध्ये चांदी आणि तांबं मिसळलेलं असतं, बाळाला ते चालतं. पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकतं, आणि नकली दागिन्यांत तर बऱ्याचदा असतंच. निकेलची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर राहते, घड्याळाच्या पट्ट्याने आणि जीन्सच्या बटणानेसुद्धा खाज सुटते. युरोपीय संघाने १९९४ साली यावर कायदाच केला. आपल्याकडे हॉलमार्कचा नियम आहे, पण दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला त्यातून सूट आहे, आणि बाळाची सुंकली बहुधा त्याहून हलकीच असतात. म्हणजे इथे शिक्का मिळेलच असं नाही, ओळखीच्या सोनाराचा शब्द महत्त्वाचा. या बाबतीत सासूबाईंचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

टोचल्यानंतर सहा आठवडे ते सुंकलं काढायचं नाही. सकाळ-संध्याकाळ हात धुऊन, औषधाच्या दुकानातलं नॉर्मल सलाइन निर्जंतुक गॉजवर घेऊन पुढून-मागून पुसायचं, कोरडं करायचं. बस. स्पिरिट, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, त्यांनी नवी येणारी कातडी जळते. स्वयंपाकघरातली हळद आणि खोबरेल तेल नको, तिथे मळ धरतो. खपली सुकलेली असताना सुंकलं गोल फिरवू नका, आतली जखम पुन्हा उकलते. बाळाला न्हाऊ घालायला मावशी येत असतील तर त्यांना आठवणीने सांगा, कारण त्या प्रेमानेच कानाला तेल चोळतात आणि सुंकलं फिरवतात. डोक्यातून घालायची झबली आणि लोकरीची टोपडी त्या काळात बाजूला ठेवा, पुढून उघडणारे कपडे घाला. तारेचं टोक धाग्यात अडकलं की पाळी ओढली जाते.

पहिले दोन दिवस थोडी लाली, थोडा चिकट पाण्यासारखा स्राव चालतो. लाली वाढत गेली, पाळी गरम लागली, पिवळा-हिरवा पू आला, किंवा बाळाला ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि पू दिसला म्हणून घाबरून घरी सुंकलं काढू नका. भोक वरून बुजतं, पू आत कोंडतो.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट, नवऱ्याच्या दंडावरची गाठ. बीसीजीच्या, म्हणजे क्षयाच्या लसीच्या, जागी अशी जाड, गुळगुळीत, मूळ जखमेबाहेर पसरलेली गाठ म्हणजे बहुधा केलॉइड. जखम भरताना शरीर थांबत नाही, तंतू तयार करतच राहतं. ही प्रवृत्ती घराण्यात चालते आणि कानाची पाळी ही तिची आवडती जागा. एकदा त्वचारोगतज्ज्ञांना ती गाठ दाखवून खात्री करून घ्या. कापून काढली तर केलॉइड पुष्कळदा आधीपेक्षा मोठी होऊन परत येते, म्हणून ती होऊ न देणं हाच खरा उपाय. कान टोचल्यावर केलॉइड झालेल्या रुग्णांच्या एका छोट्या अमेरिकन पाहणीत असं दिसलं की वयाच्या अकराव्या वर्षाआधी टोचलेल्या कानांत केलॉइड पुष्कळ कमी होते, त्यानंतर टोचलेल्यांत खूप जास्त. एरवी मी आयांना सांगते की घाई नसेल तर मुलगी आठ-नऊ वर्षांची होऊ द्या, तिला हवं असेल तर टोचा. तुमच्या घरी हे लांबवताना ही अकरा वर्षांची सीमा लक्षात ठेवा. आणि टोचल्यावर वर्षभर पाळीत कुठे टणक दाणा लागतो का, ते अधूनमधून बोटांनी चाचपून बघत जा. सुरुवातीला लक्षात आलं तर त्यात इंजेक्शन देऊन तो दाबता येतो.

यातूनच नणंदेचं उत्तर येतं. गाठ तिच्या सख्ख्या भावाच्या दंडावर आहे, वय एकोणीस आहे, आणि तिला टोचायचंय ते पाळीला नाही, कुर्चेला, म्हणजे कानाच्या वरच्या कडेतल्या कडक पण लवचिक भागाला. पाळी चरबीची असते, रक्तपुरवठा भरपूर, सहा आठवड्यांत भरते. वरच्या कडेत कुर्चा असते, तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. ती भरायला अनेक महिने लागतात, आणि जंतू शिरला तर औषधसुद्धा तिथे कष्टाने पोहोचतं. २००० साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात दागिन्यांच्या एका छोट्या दुकानात गनने टोचलेल्या कुर्चांत स्यूडोमोनस नावाच्या जंतूचा उद्रेक झाला. सात जणांत तो तपासणीत सिद्ध झाला, बहुतेक किशोरवयीन मुलंमुली. काहींना दाखल करून शस्त्रक्रिया करावी लागली, काहींचे कान कायमचे बेढब झाले. जंतू सापडला तो टोचताना वापरायच्या जंतुनाशकाच्या बाटलीत.

सुईने केलं तर कुर्चा वाचते असंही समजू नका. नेदरलँड्समध्ये मृतदेहांच्या कानांवर गन आणि सुई दोन्ही वापरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा कुर्चेची इजा जवळजवळ सारखीच निघाली. सुईचा फायदा आहे तो तिच्या स्वच्छतेचा.

नणंदेच्या दोन्ही पाळ्या लहानपणी टोचल्या, तिथे गाठ आली नसेल तर ती चांगली गोष्ट आहे, पण तेव्हा ती तान्ही होती. म्हणून त्या दुकानात तिने टोचून घेऊ नये असं माझं मत आहे. हौस भागवायला दाबाच्या बुगड्या मिळतात, मोत्याच्या, अगदी नाजूक, भोकाशिवाय बसणाऱ्या. त्या घालून बघ म्हणावं. तरीही तिला टोचायचंच असेल तर ती सज्ञान आहे, निर्णय तिचा. पण आधी केलॉइडबद्दल त्वचारोगतज्ज्ञांशी बोलू दे, मग सीलबंद पोकळ सुई आणि टायटेनियमची बाळी वापरणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडून, एका वेळी एकाच कानाला. नंतर कान वरून लाल, गरम, सुजलेला दिसला आणि पाळी मात्र ठीक असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा आणि गेल्या गेल्या सांगायचं की कुर्चा टोचली आहे. कारण अमॉक्सिसिलिनसारखी नेहमीची औषधं स्यूडोमोनसवर चालत नाहीत, डॉक्टरांना वेगळं औषध सुरू करावं लागतं.